बारा व्होल्टांचा दसरा

तेरा हजार व्होल्टच्या खालच्या कुठल्याही गोष्टीत गुरुदत्त सोहोनींना रस नव्हता. हा गर्व नव्हे, हा त्यांचा पेशा होता. कोलंबसच्या एका कंपनीत विजेच्या मोठमोठ्या उपकेंद्रांचे नकाशे काढण्यात त्यांची सतरा वर्षं गेली होती. घरातला टोस्टर बिघडला, तर कलेक्टरनं कोतवालाकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत आणि परत पेपरात डोकं घालत. टोस्टर पद्मिनीबाई दुरुस्त करत. त्या मराठी घेऊन बी.ए. झालेल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे.

अशा माणसाच्या दारात, ओहायोतल्या डब्लिन गावी, सत्त्याऐंशी सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या बुधवारी सकाळी एक मोटरहोम उभं होतं आणि किल्ली फिरवली की ते नुसतं ‘टक्’ म्हणत होतं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं. गुरुदत्तरावांनी ते तिसऱ्या हाताचं विकत घेतलं होतं आणि मंगळवारी संध्याकाळी सामान भरायला घरी आणून लावलं होतं. तेव्हा ते आलं होतं चांगलं घरघरत.

“काय म्हणतेय गाडी?” अक्कानं खिडकीतून विचारलं.

“टक् म्हणतेय.”

“आणि काल काय म्हणत होती?”

“काल सुरू होत होती, अक्का.”

“मग रात्रीतून तिला कुणी काय केलं?”

सुलभाअक्का ही गुरुदत्तरावांची थोरली बहीण. वय सहासष्ट. मिरजेच्या मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि त्या नोकरीतून ती निवृत्त झाली तरी प्रश्न विचारण्यातून झाली नव्हती. लग्न केलं नाही, आई लवकर गेल्यावर धाकट्या गुरूला तिनंच वाढवलं. आता ती पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती आणि पुढच्या मंगळवारी तिचं परतीचं विमान होतं.

पंचाईत होती ती तिच्या कंबरेची. अर्ध्या तासाच्या वर तिला बसवत नसे. विमानात तर ती अर्धा अटलांटिक उभ्यानं ओलांडून, हवाई सुंदरीकडून पायलटच्या पगारासकट सगळी माहिती काढून आली होती. साध्या मोटारीत काही उभं राहता येत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांत तिनं अमेरिकेतलं काय पाहिलं, तर घर, किराण्याचं दुकान आणि हाडांच्या डॉक्टरचा दवाखाना. लोक आपल्या पाहुण्यांना नायगारा दाखवतात. अक्काला नायगारा नको होता. “धबधबा गोकाकचा पाहिलाय मी,” ती म्हणायची. तिला हवं होतं सरोवर. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी, ओंटारिओ ही पाच नावं तिनं एकतीस वर्षं मुलींकडून घोकून घेतली होती. गोड्या पाण्याचा एवढा साठा, की पलीकडचा काठ दिसत नाही. आणि दरवर्षी एखादी मुलगी उठून विचारायचीच, की बाई, तुम्ही पाहिलंय का?

ईरी सरोवर डब्लिनपासून दोन-अडीच तासांवर. अक्का पलंगावर आडवी होऊन जाईल एवढ्यासाठी हे बिऱ्हाड घेतलं होतं. गुरुदत्तरावांनी तिला शब्द दिला होता, शुक्रवारी दसरा, शनिवारी सीमोल्लंघन.

त्यांनी इंजिनावरचं झाकण उघडलं. अक्का काठी टेकत येऊन शेजारी वाकली. आत बॅटरी होती आणि तिच्या दोन्ही खुंट्यांवर, केबलच्या टोकांवर, पांढरट हिरवी भुकटी चढली होती.

“अगं बाई, हे कळकलंय की रे,” अक्का म्हणाली.

शब्द गुरुदत्तरावांना पटला. गंज म्हणावा तर तो तांबडा असतो. इंग्रजीतला शब्द त्यांना येत होता, पण तो इतका नेमका नव्हता. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यावर जे होतं ते हेच. अधेमधे भुकटी बसली की वीज पुढे सरकत नाही, आणि बॅटरीत जीव असूनही गाडी टक् म्हणून गप्प बसते.

“बारा व्होल्टचं तर काम आहे,” ते म्हणाले. “दहा मिनिटांत होईल.”

ही दहा मिनिटं शनिवारी दुपारपर्यंत चालली.

कळकलेल्या भांड्याला चिंच लावतात, हे सांगायला कुणी इंजिनियर लागत नाही. अक्कानं चिंच कोळली. गुरुदत्तरावांनी ती खुंट्यांवर चोळली. हिरवं थोडं गेलं, पांढरं तसंच राहिलं आणि बॅटरी आमटीत बुडवून काढल्यासारखी दिसू लागली. मग त्यांनी डॉक्टर चारुदत्तला फोन केला. हा नागपूरचा, इथे भूल द्यायचा धंदा करायचा, पण मोटारीतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. त्याच्या घरी दोन फोन होते आणि दुसऱ्यावर त्याची बायको वसुधा कायम असायची, त्यामुळे सल्ला नेहमी जोडीनं मिळे.

“कोला ओत यार त्याच्यावर,” चारुदत्त म्हणाला. “मी तर दर हिवाळ्यात ओततो.”

“आणि मुंग्या होतात,” वसुधा म्हणाली. “भावजी, तुम्ही सरळ व्हॅन भाड्यानं घ्या.”

“आणि अक्कानं कुठे झोपायचं, टपावर?” गुरुदत्तरावांनी विचारलं.

इतक्यात दारात मिसेस हॉइट आल्या. ह्या बाई वसाहतीच्या संघाच्या सचिव. हातात पाठीला पुठ्ठा लावलेली वही, त्यात नियम. नियम चौदा असा, की सहलीचं वाहन दारात फक्त सामान भरण्यापुरतं उभं करता येईल, जास्तीत जास्त शनिवारी दुपारी बारापर्यंत, आणि ते चालू अवस्थेत असलं पाहिजे. अक्कानं कांचनला, म्हणजे गुरुदत्तरावांच्या सोळा वर्षांच्या मुलीला, दुभाषी म्हणून पुढे केलं.

“विचार त्यांना, गाडी चालतच नसेल तर ती वाहन कशी? मग हा नियम तिला लागतो का?”

कांचननं विचारलं. मिसेस हॉइटनी वहीचं पान उलटलं आणि सांगितलं, की चालत नसेल तर ते भंगार, आणि भंगाराचा नियम पंधरा. अक्काला ही बाई फार आवडली.

शेवटी व्हायचं तेच झालं, कुंपणापलीकडचा वॉल्ट आला. वॉल्टनं चाळीस वर्षं शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि आता काही दुरुस्त करायला मिळालं नाही की त्याला जेवण जात नसे. टीव्हीमुळे त्याला गुरू या शब्दाचा अर्थ माहीत होता, त्यामुळे तो गुरुदत्तरावांना ‘गुरू’ अशी हाक जरा आदरानंच मारायचा. त्यानं बॅटरी पाहिली, बोट लावून वास घेतला.

“हे काय आहे?”

“टॅमरिंड,” गुरुदत्तराव म्हणाले.

“बॅटरीतून बाहेर येतं ते ॲसिड,” वॉल्ट हळूच म्हणाला. “त्याच्यावर तुम्ही आणखी आंबट ओतलंत. घरात बेकिंग सोडा असेल ना?”

खायचा सोडा. पद्मिनीबाई दारातूनच म्हणाल्या, “मी सकाळीच म्हणणार होते, पण म्हटलं, घरात इंजिनियर आहे.”

सोडा पाण्यात कालवून खुंट्यांवर ओतला तशी सगळी भुकटी फसफसून उठली आणि फेसाबरोबर वाहून गेली. आम्ल आणि अल्क, अक्कानं जाहीर केलं, आणि आणखी सोडा मागितला. नंतर कुठे काही कळकलेलं उरलं नव्हतं तरी ती ओतत राहिली, कारण तिला फेस बघायचा होता. त्या आठवड्यात सोहोन्यांच्या घरी ढोकळा झाला नाही.

मग वॉल्टनं रीत सांगितली. केबल काढताना उण्याची आधी, लावताना अधिकाची आधी. टोकं तारेच्या ब्रशनं घासायची, लावून घट्ट करायची, वरून व्हॅसलीन. “आणि हे बघ गुरू, आधीच्या कुणा शहाण्यानं दोन्ही केबल काळ्या टाकल्यात. कुठलं टोक कुठलं, खूण करून ठेव.”

“वॉल्ट,” गुरुदत्तराव म्हणाले, “मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे.”

वॉल्ट बरं म्हणाला आणि बॅटरी चार्ज करायला आपल्या घरी घेऊन गेला. जी केबल गाडीच्या अंगाला जोडलेली ती उण्याची, हे गुरुदत्तरावांना ठाऊकच होतं. आता एवढ्यासाठी माणूस खुणा करत बसला तर पदवी कशाला घेतली?

शुक्रवारी दसरा. गुरुदत्तराव ऑफिसात, कांचन शाळेत. वॉल्टनं चार्ज झालेली बॅटरी सकाळी आणून गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर ठेवली. संध्याकाळी गुरुदत्तराव घरी आले तेव्हा अक्कानं शस्त्रपूजा उरकली होती. शिलाई मशीन, विळी, कांचनचा कॅलक्युलेटर, गुरुदत्तरावांची जुनी गणितपट्टी, सगळ्यांना ओल्या कुंकवाची बोटं आणि दारातल्या झेंडूचं एकेक फूल. टोस्टरसुद्धा सुटला नव्हता.

“टोस्टर कुठलं शस्त्र, अक्का?”

“रोज लढतोय बिचारा,” अक्का म्हणाली.

आपट्याची पानं मिळत नव्हती, म्हणून सोनं म्हणून मेपलची लाल पानं वाटली. गुरुदत्तराव पाया पडले, श्रीखंड जेवले आणि झोपले. गॅरेजमध्ये कुणी गेलं होतं का, हे विचारायचं त्यांना काही कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी पद्मिनीबाईंनी दशम्या, दहीभात आणि लसणाची चटणी मोटरहोममध्ये चढवली. अक्का नऊवारी नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून आतल्या पलंगावर नकाशा उघडून पडली. गुरुदत्तराव गॅरेजमध्ये बॅटरी आणायला गेले, आणि थबकले.

बॅटरीच्या एका खुंटीवर लाल खूण होती.

त्यांना राग आला. लाल म्हणजे अधिक, हे जगात कुणाला माहीत नाही? सतरा वर्षं तेरा हजार व्होल्टशी खेळणाऱ्या माणसाला बालवाडीतल्या पोरासारखी खूण करून द्यायची म्हणजे काय? आपण नको म्हणून सांगितलेलं असताना? वॉल्ट माणूस चांगला, पण ट्रॅक्टरवाला तो ट्रॅक्टरवालाच. हा राग सुमारे अर्धा मिनिट टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता बॅटरीच्या अंगावर कोरलेली ती बारकी अधिक-उण्याची चिन्हं शोधायला वाचायचा चष्मा आणावा लागणार नाही. त्यांनी मनातल्या मनात वॉल्टला क्षमा केली.

बॅटरी जागेवर बसली. अधिक आधी. अधिकाची केबल त्यांनी लाल खुंटीवर घातली, तर ती ढिली. नुसती हलतेय. त्यांना वाटलं, घासून घासून झिजली असेल. स्वयंपाकघरातून चकाकता ॲल्युमिनियमचा कागद आणून त्याची घडी मध्ये कोंबली. उण्याची केबल मात्र दुसऱ्या खुंटीवर जाईचना. ती छोटी, खुंटी मोठी. आता बॅटरी बनवणाऱ्यांनी अधिकाची खुंटी मुद्दाम जाड आणि उण्याची बारीक ठेवलेली असते, ती अशाच माणसांसाठी. पण गुरुदत्तरावांना ती शिकवण तेरा हजार व्होल्टच्या वर कुठे मिळालेली नव्हती. त्यांनी हातोडी घेतली.

दुसऱ्या ठोक्याला टोक टेकलं. निळी ठिणगी उडाली, ‘फट्’ असा आवाज झाला आणि इंजिनातून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

“डॅड,” कांचन म्हणाली, “इट्स स्मोकिंग.”

“दिसतंय मला.”

“इज इट सपोज्ड टू?”

गुरुदत्तरावांनी केबल उपटली. टक् म्हणणारी गाडी आता तेही म्हणत नव्हती. आतून अक्काचा आवाज आला, “गुरू, निघालो का रे?” आणि त्यांना एकदम मिरजेतली लहानपणची शाळा आठवली, मधल्या सुट्टीत तिथे येऊन आपला डबा त्यांच्यापुढे सरकवून ‘मला भूक नाही’ म्हणणारी अक्का आठवली, आणि आपण हिला साधं एक तळं दाखवू शकत नाही असं वाटून त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

बारा वाजता मिसेस हॉइट आल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, धुराचा वास घेतला आणि वहीत टीप केली. चार वाजता ओढून नेणारा ट्रक येईल, वाईट वाटतं, पण पंधरा म्हणजे पंधरा. त्यांच्या पाठोपाठ वॉल्ट आला. त्यानं आत वाकून पाहिलं आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “गुरू, उण्याला लाल रंग कुणी दिला?”

“तूच दिलास ना?”

“मी? मी कशाला देईन?”

वॉल्टनं खुंटीवर अंगठा घासला. अंगठ्यावर लाल पूड आली. रंग असा पूड होऊन येत नाही. त्याच वेळी काय चाललंय ते बघायला अक्का काठी टेकत मोटरहोमच्या पायऱ्या उतरून आली. वॉल्टनं तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो सभ्य माणूस आकाशाकडे पाहू लागला.

गुरुदत्तरावांच्या डोक्यात सगळं एका क्षणात लागलं. बॅटरी, गॅरेज, दसरा, टोस्टर. तोंडाशी शब्दही आला होता. अक्का बघत होती. तीन दिवसांनी तिचं विमान होतं, आणि पूजेमुळे गाडी जळली हे तिला कळलं असतं तर मिरजेपर्यंत ती तेच घेऊन गेली असती.

“मीच लावला,” गुरुदत्तराव म्हणाले. “खूण म्हणून. चुकून उण्याला लागला.”

वॉल्टनं लाल अंगठा पँटला पुसून टाकला. “होतं असं,” तो म्हणाला.

“इलेक्ट्रिकल इंजिनियर असूनसुद्धा?” मिसेस हॉइटनी विचारलं. ही बाई गावभर सांगणार हे उघड होतं. तिनं ते सांगितलंही, आणि चारुदत्तला कळल्यावर तो फोनवर इतका हसला की दुसऱ्या फोनवरच्या वसुधानं त्याला पाणी प्यायला लावलं. पुढची कित्येक वर्षं तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माइक बंद पडला, की कुणीतरी ओरडायचं, सोहोन्यांना बोलवू नका रे. गुरुदत्तराव ते हसण्यावारी न्यायचे. पण मानी माणूस, प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचंच.

जळली होती ती एक वीतभर तार. वॉल्टनं ती कापून काढली, दुकानातून तशीच दुसरी आणली आणि जोडता जोडता अक्काच्या प्रश्नांची उत्तरं दिली, कांचनमार्फत.

“ही एवढी बारीक का?”

“मुद्दाम कच्ची ठेवतात. काही उलटसुलट झालं की आधी ही जळते, आणि बाकीचं वाचतं.”

“तिला बिचारीला काय मिळतं त्यात?”

कांचननं हे भाषांतर करायचा दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

साडेतीन वाजता केबल सुलट्या लागल्या, व्हॅसलीन लागलं, गुरुदत्तरावांनी किल्ली फिरवली आणि बिऱ्हाड घरघरलं. पद्मिनीबाईंनी वॉल्टच्या हातावर दशमी ठेवली. ट्रक वसाहतीत शिरत होता तेव्हा सोहोनी वसाहतीबाहेर पडत होते, आणि मिसेस हॉइटनी त्यांना वही हलवून निरोप दिला.

सहा वाजून गेल्यावर ते ईरीच्या काठाशी पोचले. ऊन उतरलं होतं. अक्का पायऱ्या उतरली, काठी टेकत वाळूतून पाण्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग समोर खूप वेळ पाहिलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मग तिनं वाकून ओंजळ भरली आणि कुणी नको म्हणायच्या आत एक घोट घेतला.

“गोडं आहे रे,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं मी नुसतं सांगत होते.”

पद्मिनीबाईंनी डोळे पुसले. कांचन म्हणाली, “आत्या, दॅट्स पोल्यूटेड,” पण हळू आवाजात.

काळोख पडायच्या आत निघायला हवं होतं. गुरुदत्तराव एकदा बॅटरी बघावी म्हणून गाडीपुढे गेले, तर मागून अक्का आली. तिच्या हातात पिशवीतला छोटा पितळी करंडा होता.

“झाकण उघड जरा.”

त्यांनी उघडलं. अक्कानं करंडा उघडला, करंगळी कुंकवात बुडवली आणि थांबली.

“काल पूजेत जाड्या खुंटीवर फूल ठेवलं होतं, ते बसलं नीट,” ती म्हणाली. “बारकीवर राहीना, म्हणून तिला कुंकू लावलं. फूल बहुतेक वाऱ्यानं उडालं.”

गुरुदत्तराव उगाचच झाकणाची कडी चाचपू लागले.

“वॉल्टचा अंगठा मी पाहिला रे. एकतीस वर्षं वर्ग सांभाळलाय. कुणी काच फोडली आणि कुणी अंगावर घेतली, ते मला चेहऱ्यावरून कळतं.” तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. “त्या बाईसमोर मान खाली घातलीस माझ्यापायी. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.”

“बारा व्होल्टचं काय एवढं, अक्का,” गुरुदत्तराव म्हणाले.

“ते राहू दे. आता नीट सांग. कुंकू कुठे लावू?”

“अधिकाला लाव.”

“अधिक कुठलं?”

गुरुदत्त सोहोनी, इलेक्ट्रिकल इंजिनियर, ताबडतोब बोट दाखवायला गेले. मग त्यांनी हात मागे घेतला, खिशातून वाचायचा चष्मा काढला, शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला आणि बॅटरीवर वाकून अधिकाचं चिन्ह शोधू लागले. अक्का करंगळी वर धरून शेजारी उभी राहिली. तिला काही घाई नव्हती.